उसन्या प्रतिपिंडांचा हिशेब

निफाडच्या द्राक्षबागेत रात्रीच्या लाइटवर पाणी भरताना नव्वद किलोच्या गड्याला घोणस चावली, असं समजा. त्याच आठवड्यात दिंडोरीच्या एका वस्तीवर चौदा किलोच्या पोरीला चावली. विष भिनल्याची लक्षणं दोघांनाही दिसताहेत. गड्याला सलाईनमधून प्रतिविषाच्या दहा बाटल्या लावल्या, तर पोरीला किती लावायच्या? तापाचं औषध वजनावर ठरतं, अँटिबायोटिक वजनावर ठरतं, म्हणून बहुतेक जण म्हणतील दोन. उत्तर आहे दहा. पोरीलाही दहाच.

नातेवाइकांचा जीव खालीवर होतो. एवढंसं लेकरू, त्याला एवढं औषध झेपणार कसं? पण हे औषध पेशंटच्या शरीरावर काम करायला दिलेलंच नसतं, ते विषावर काम करायला दिलेलं असतं. आणि घोणस काही समोर पैलवान आहे की पोर, हे बघून विष मोजत नाही. ती एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. भारतात मिळणाऱ्या प्रतिविषाचा १ मिलिलिटर घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो. बाटली १० मिलिलिटरची, म्हणजे एका बाटलीत ६ मिलिग्रॅमचा बंदोबस्त. दहा बाटल्यांत ६० मिलिग्रॅमचा. पोरीच्या लहानशा अंगात तेवढंच विष गेलंय, त्यामुळे तिला गड्यापेक्षा धोका जास्त आणि औषध मात्र तितकंच.

हा हिशेब नीट कळला की प्रतिपिंडांवर चालणारे बाकीचे उपचारही उलगडत जातात. कुत्रा चावल्यावर जखमेतच इंजेक्शन का टोचतात, कोरोनात प्लाझ्मासाठी जी धावाधाव झाली तिचा फार उपयोग का झाला नाही, मण्यार चावलेल्याला औषध देऊनही व्हेंटिलेटरवर का ठेवतात, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं प्रतिपिंड काय करतं आणि काय करत नाही, यातच आहेत.

प्रतिपिंड म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा: दोन हात आणि एक देठ. हातांची टोकं निरनिराळ्या प्रतिपिंडांत निरनिराळी असतात आणि ती ठरावीक आकारालाच चिकटतात. धनुर्वाताच्या विषाला चिकटणारं प्रतिपिंड घटसर्पाच्या विषाकडे ढुंकूनही बघत नाही. चिकटल्यावर विषाचा जो भाग आपल्या पेशींवर जाऊन बसायचा तोच झाकला जातो, मग ते विष रक्तात फिरत राहिलं तरी काही करू शकत नाही. शिवाय देठाची खूण ओळखून भक्षक पेशी येतात आणि ही जोडगोळी गिळून टाकतात. प्रतिपिंडाचं काम इथे संपतं. विषाने जे आधीच तोडलं ते प्रतिपिंड जोडून देत नाही, आणि पेशीच्या आत शिरलेल्या शत्रूपर्यंत सहसा पोहोचत नाही. मोकळं सापडेल तेवढंच ते धरतं.

आपलं शरीर प्रतिपिंडं स्वतः बनवतं, पण नव्या शत्रूची ओळख होऊन पुरेसा साठा तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो. लस हे काम आधीच, निवांतपणे करून घेते. नाग चावल्यावर दीड आठवडा कुणाकडे असतो? तिथे दुसऱ्या कुणी कमावलेली प्रतिपिंडं उसनी आणावी लागतात: घोड्याकडून, दुसऱ्या माणसाकडून, नाहीतर हल्ली प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून. आणि उसनवारीचं जे होतं तेच इथे होतं. हाताशी लगेच येतं, टिकत नाही, आणि देणारा परका असला तर कुरबूर होते. माणसाकडून माणसाला दिलेलं प्रतिपिंड साधारण तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं. तसे आपण सगळेच पहिले काही महिने उसन्यावर काढलेले असतात. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात आलेली असतात आणि बाळाची स्वतःची तयार होईपर्यंत ती पुरतात.

ही युक्ती जुनी आहे. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवलं की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातला पाणीदार भाग दुसऱ्या प्राण्याला टोचला, तर तोही त्या विषातून वाचतो. घटसर्पाने मुलं गुदमरून मरत होती तो काळ. १९०१ साली वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल बेहरिंगना मिळालं. किटासाटोंना मिळालं नाही, आणि ते मला अजून खटकतं. १८९० च्याच दशकात फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर असं औषध तयार केलं आणि ते सगळ्याच सापांवर चालेल असं त्यांना वाटलं. ब्राझीलमध्ये व्हिताल ब्राझील यांनी तो समज खोडून काढला. तिथल्या सापांच्या विषावर हे औषध चालेना. ज्याचं विष, त्याचंच प्रतिविष.

आपल्याकडे हे औषध चार सापांसाठी एकत्र बनतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. विष कुठून येतं, तर जवळपास सगळं तमिळनाडूतून. महाबलीपुरमजवळ वडनेम्मेली इथे इरुळा आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८ साली सुरू झालेली. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारी ही माणसं. ते साप आणतात, काही आठवडे मडक्यात सांभाळतात, तेवढ्यात मोजक्या वेळा विष काढतात आणि पुन्हा रानात सोडून देतात. विष वाळवून त्याची पूड औषध कंपन्यांकडे जाते.

पुढचं काम घोड्याचं. घोडाच का? अंगाने मोठा, रक्त भरपूर, आणि माणसाळलेला. आधी इतकं थोडं विष टोचतात की घोड्याला बाधू नये, मग काही महिने मात्रा हळूहळू चढवत नेतात. घोड्याचं शरीर प्रतिपिंडं बनवत राहतं. पुरेशी झाली की रक्त काढतात, त्यातला पिवळसर प्लाझ्मा वेगळा करतात आणि तांबड्या पेशी घोड्याला परत चढवतात. महाराष्ट्रात हाफकिनचं हे काम पिंपरीला चालत आलंय. नाशिकहून पुण्याला जाताना लागणारं नारायणगाव आपण मिसळ आणि टोमॅटोसाठी ओळखतो, पण तिथेही प्रतिविष बनवणारी कंपनी आहे.

प्लाझ्मा तसाच्या तसा माणसाला देत नाहीत. पेप्सिन हे पोटातलं पाचकद्रव्य घालून प्रतिपिंडाचा देठ कापून टाकतात आणि दोन हातांचा तुकडा तेवढा ठेवतात. विषाला झाकायला हात पुरेसे असतात. देठ राहिला तर परक्या प्रथिनाचा त्रासच जास्त. मग गोठवून सुकवून त्याची पांढरी पूड करतात. पूड असल्यामुळे फ्रिज बंद पडला म्हणून माल लगेच वाया जात नाही, आणि आठ-आठ तास लाइट नसलेल्या गावात याचं मोल फार आहे. फक्त देताना घाई चालत नाही. बाटलीत पाणी सोडून ती हलक्या हाताने गोल फिरवत राहायची, खळखळून हलवली की फेस होतो. दहा बाटल्या अशा विरघळवताना सिस्टरची किती धांदल होते ते बाहेर ओरडणाऱ्या नातेवाइकांना दिसत नाही.

एका बाटलीत चारही सापांचं औषध असण्याचा मोठा फायदा हा की साप कोणता ते ओळखत बसावं लागत नाही. साप मारून पिशवीत घालून आणायची अजिबात गरज नाही; मेलेल्या सापाचं तोंडही चावू शकतं. तोटा असा की घोणस चावलेल्याच्या अंगात नाग, मण्यार आणि फुरशाविरुद्धची प्रतिपिंडंही जातात, जी त्याच्या काही कामाची नाहीत. शिवाय घोड्याने आयुष्यात ज्या ज्या जंतूंना तोंड दिलं त्यांच्या विरुद्धची प्रतिपिंडंही त्याच बाटलीत असतात.

आता नाशिक जिल्ह्याला थेट लागू होणारी अडचण. विष तमिळनाडूतल्या सापांचं, आणि चावणारा साप निफाडचा नाहीतर सुरगाण्याचा. एकाच जातीच्या सापाचं विषसुद्धा प्रदेशागणिक बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांचा गट हेच तपासतो आहे, आणि देशाच्या काही भागांतल्या सापांवर आजचं प्रतिविष कमी पडतं असं त्यांच्या अभ्यासांत दिसलंय. शिवाय चारच्या बाहेरचेही विषारी साप आहेत. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला सह्याद्रीच्या झाडीत हिरवा चापडा असतो. तो चावला तर सूज आणि वेदना भरपूर, जीव सहसा जात नाही, पण त्याच्यासाठी आपल्या बाटलीत काहीच नाही. तिथे प्रतिविष ओतणं म्हणजे उपयोग शून्य आणि घोड्याच्या प्रथिनाचा धोका फुकटचा.

म्हणून डॉक्टर आधी विष भिनलंय का हे बघतात. जनावर चावलं म्हणून आणलेल्या माणसाला दवाखान्यात नुसतं झोपवून ठेवलं की लोक भडकतात. ‘पान लागलंय आणि हे इंजेक्शन देईनात!’ पण चावणारा साप बिनविषारी असू शकतो, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. अशा पेशंटला लक्षणं नसताना प्रतिविष देत नाहीत, चोवीस तास लक्ष ठेवतात.

लक्ष कसं ठेवतात त्यातली एक चाचणी तर इतकी साधी आहे की ग्रामीण रुग्णालयातही होते. काचेची नवी, कोरडी नळी घ्यायची. शिरेतून २ मिलिलिटर रक्त काढून तिच्यात सोडायचं आणि नळी उभी ठेवून द्यायची. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्ताचा गोळा झाला असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं, तर घोणशीने किंवा फुरशाने रक्त गोठवणारी द्रव्यं संपवलेली आहेत आणि प्रतिविष लगेच सुरू करायचं. नळी काचेचीच हवी, कारण काचेला टेकल्यावरच रक्ताला गोठायची चालना मिळते. प्लास्टिकच्या नळीत धड रक्तही न गोठल्यासारखं दिसेल. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही. एवढ्याशा काचेवर दहा बाटल्यांचा निर्णय उभा असतो.

प्रतिविष दिल्यावर हीच चाचणी सहा तासांनी पुन्हा करतात. लगेच का नाही? कारण प्रतिविषाने विष धरलं, पण विषाने संपवलेली गोठवणारी द्रव्यं परत आणली नाहीत. ती यकृताला नव्याने बनवावी लागतात आणि त्याला साधारण तेवढे तास जातात. तासाभरात रक्त गोठत नाही म्हणून आणखी दहा बाटल्या चढवण्यात अर्थ नसतो.

मण्यारीच्या बाबतीत ही मर्यादा जिवावर बेतते. मण्यार रात्री, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, बरेचदा चावल्याची खूणही सापडत नाही. माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, आवाज घोगरा होतो, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घरच्यांना वाटतं पित्त झालं. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकांची नासधूस करतं, म्हणजे जिथून स्नायूला हुकूम सुटतो ती जागाच. ती एकदा मोडली की प्रतिविष कितीही द्या, दुरुस्त होत नाही. शरीर ती टोकं नव्याने वाढवतं, त्याला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि तोपर्यंत श्वास मशिनने द्यावा लागतो. नागाचं विष थोडं वेगळं. ते बहुतांशी स्नायूच्या बाजूला, हुकूम पोहोचतो तिथे बसून वाट अडवतं. टोकं शाबूत असतात. म्हणून नाग चावलेल्याला प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन, म्हणजे मज्जातंतूचा हुकूम जास्त वेळ टिकवणारं औषध, दिलं की कधी कधी अर्ध्या तासात पापण्या उघडतात. मण्यारीला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

सुरगाण्याच्या आतल्या पाड्यावरून नाशिकचं सिव्हिल गाठायला घाटासकट दोन-तीन तास सहज जातात. भगताकडे एक फेरी झाली की आणखी दोन. तेवढ्या वेळात विष मोकळं राहत नाही, ते आपापल्या जागी पोहोचतं आणि कामाला लागतं. म्हणून प्रतिविष जवळच्या सरकारी दवाखान्यात सुरू करायचं आणि मग १०८ ने पुढे न्यायचं, ही पद्धत बरोबर आहे. वाटेत अँबू बॅग दाबत श्वास देणारं माणूस सोबत हवं. घट्ट आवळपट्टी, ब्लेडने चिरा, तोंडाने विष शोषणं, यातलं काही करायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही, अंगठी-जोडवी काढून ठेवायची, चावल्याची वेळ लक्षात ठेवायची आणि निघायचं.

परकेपणाची कुरबूर म्हणालो ती कधी कधी कुरबुरीवर थांबत नाही. घोड्याच्या प्रथिनाने अंगावर गांध्या उठतात, थंडी वाजून येते, आणि काहींचा रक्तदाब एकदम कोसळतो. त्यावर अ‍ॅड्रिनॅलिन हे औषध, आणि प्रतिविष लावण्याआधीच ते सिरिंजमध्ये भरून तयार ठेवतात. पूर्वी कातडीखाली थेंबभर औषध टोचून आधी चाचणी करत. ती भरवशाची नाही म्हणून आता करत नाहीत. आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, पुरळ असा दुसरा हप्ताही येऊ शकतो, कारण तोवर आपल्या शरीराने घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं तयार केलेली असतात. घरी गेलेल्या पेशंटला हे सांगितलेलं नसलं तर त्याला वाटतं विष पुन्हा चढलं.

आता कुत्रा. इथे हिशेब सापाच्या उलटा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत येतो, काही काळ तिथेच स्नायूत रेंगाळतो आणि मग मज्जातंतूत शिरून मेंदूकडे चालू लागतो. एकदा तंतूच्या आत शिरला की प्रतिपिंडाच्या हाती लागत नाही, आणि लक्षणं सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे त्याला जखमेतच गाठायचं. लस लगेच सुरू करतात, पण लशीने स्वतःची प्रतिपिंडं यायला आठवडा-दीड आठवडा लागतो. मधल्या काळासाठी उसनी प्रतिपिंडं, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन. ते दंडात देऊन फार फायदा नाही. सुई जखमेच्या कडांत आणि तळाशी फिरवत, विषाणू जिथे आहे तिथेच भरायचं असतं. बोटाच्या टोकाला किंवा ओठाला चावा असेल तर हे फार दुखतं, लेकरं जिवाच्या आकांताने रडतात, आणि आईबाप म्हणतात दंडातच द्या ना. ऐकू नये.

मात्रा इथे वजनावर ठरते. घोड्याचं असेल तर किलोमागे ४० युनिट, माणसाच्या रक्तातून काढलेलं असेल तर २०. वीस किलोच्या मुलाला घोड्याचं ८०० युनिट. जखमा बऱ्याच असतील आणि औषध पुरत नसेल तर सलाईन घालून वाढवतात, पण मात्रेची मर्यादा ओलांडत नाहीत. कारण उसनी प्रतिपिंडं जास्त झाली तर ती लशीलाच झाकून टाकतात आणि शरीर स्वतःची बनवायला आळस करतं. सापाच्या विषासाठी पुढे लस नाही, त्यामुळे तिथे ही भीती नाही. लशीच्या पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले असतील तर इम्युनोग्लोब्युलिन देतच नाहीत. तोवर स्वतःची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात. आणि आधी कधी पूर्ण कोर्स झालेल्या माणसाला पुन्हा कुत्रा चावला तर नुसते लशीचे दोन डोस पुरतात.

या सगळ्याच्या आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. दात रुतून रक्त आलं असेल तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही लागतात. गल्लीतले लोक ‘इंजेक्शन घेतलं’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा एकट्या लशीबद्दल बोलत असतात. चावा खोल असेल तर दवाखान्यात स्पष्ट विचारावं, जखमेत द्यायचं इंजेक्शन दिलं का.

धनुर्वाताला आणि हिपॅटायटिस बी असलेल्या आईच्या नवजात बाळाला अशीच तयार प्रतिपिंडं देतात. बाळाला जन्मानंतर बारा तासांच्या आत, लशीसोबत. विंचवाची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून कोकणात कितीतरी जीव वाचवले. २०११ साली त्यांच्याच अभ्यासात दिसलं की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर पेशंट आणखी लवकर बरा होतो. गोळी विषाचा परिणाम आवरते, प्रतिविष मोकळं विष धरतं.

कोरोनातला प्लाझ्मा आठवतोय? २०२१ च्या एप्रिलमध्ये नाशिकच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘ए पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवाय, अर्जंट’ असे मेसेज फिरत होते. कल्पना वेडगळ नव्हती. बेहरिंगचीच होती: बरा झालेल्या माणसाची प्रतिपिंडं आजाऱ्याला द्यायची. पण आयसीएमआरने २०२० सालीच ३९ रुग्णालयांत ४६४ पेशंटवर चाचणी घेतली होती आणि आजार वाढणं किंवा मृत्यू, दोन्हींत फरक दिसला नव्हता. ब्रिटनच्या हजारो पेशंटच्या चाचणीतही तेच आलं. कारण वर आलेलंच आहे. रुग्णालयात भरती होईपर्यंत विषाणूने पेशींत शिरून आपलं काम उरकलेलं असतं, पुढचा गोंधळ शरीराच्या स्वतःच्या दाहाचा असतो, आणि दाहावर प्रतिपिंड काय करणार? शिवाय कुणाच्या प्लाझ्मात किती दमदार प्रतिपिंडं आहेत याचा पत्ता नसायचा. अर्जेंटिनात वयस्कर पेशंटना लक्षणं सुरू झाल्यापासून तीन दिवसांत, भरपूर प्रतिपिंडं असलेला प्लाझ्मा दिला तेव्हा मात्र आजार गंभीर होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आपल्याकडे मे २०२१ मध्ये प्लाझ्मा अधिकृत उपचारांतून काढला. तोवर किती जणांनी रात्री-अपरात्री ब्लड बँकांच्या पायऱ्या झिजवल्या असतील. पुराव्याचा कागद समोर असताना एवढी धावाधाव होऊ द्यायला नको होती, असं माझं मत आहे.

प्लाझ्मात किंवा घोड्याच्या बाटलीत नाना प्रकारच्या प्रतिपिंडांची खिचडी असते. त्याऐवजी कामाचं एकच प्रतिपिंड निवडून हवं तेवढं बनवलं तर? १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी हे जमवलं. प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांचा त्यांनी संकर केला. एकीकडून हवं ते प्रतिपिंड, दुसरीकडून न थांबता वाढत राहण्याची ताकद. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. आता तर बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातून नेमकी पेशी हुडकतात, तिच्या जनुकातली कृती उतरवून घेतात आणि ती हॅमस्टरच्या पेशींत घालून टाक्यांमध्ये प्रतिपिंड पिकवतात. याला मोनोक्लोनल म्हणतात. माणसाच्या धाटणीचं असल्यामुळे घोड्याची कुरबूर बहुतेक नाही, आणि प्रत्येक बाटली सारखी.

रेबीजसाठी असं औषध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकन संस्थेबरोबर तयार केलं आणि २०१६ साली भारतात त्याला परवानगी मिळाली. मात्रा किलोमागे ३.३३ युनिट, घोड्याच्या ४० युनिटपुढे काहीच नाही. झायडस कंपनीचं दोन प्रतिपिंडांचं मिश्रणही नंतर आलं. रेबीजमध्ये ही पद्धत खरोखर शोभते, कारण विषाणूचा तो भाग फारसा बदलत नाही. कोरोनाने मात्र या औषधांची पुरती जिरवली. मे २०२१ मध्ये दोन प्रतिपिंडांचं कॉकटेल भारतात एका डोसला ५९,७५० रुपयांना आलं, आणि वर्ष संपतासंपता ओमायक्रॉनने बाह्यरूप इतकं बदललं की ते चिकटेनाच. एकाच जागेला चिकटणाऱ्या औषधाला हा धोका असतोच. खिचडीत निदान काही दाणे तरी लागू पडतात.

साठ हजारांचं औषध शहरातल्या कोरोना पेशंटसाठी विकलं गेलं. साप चावतो तो बागेतल्या मजुराला, कांदाचाळीत उंदरामागे आलेल्या सापावर पाय पडलेल्या बाईला. भारतात दरवर्षी सर्पदंशाने सुमारे ५८,००० माणसं मरतात असा अंदाज आहे, पण यातलं कुणी साठ हजार मोजणारं नाही. म्हणूनच सापाचं औषध सव्वाशे वर्षांनंतरही घोड्यापाशीच आहे.

हालचाल थोडी सुरू झालीय. अमेरिकेतल्या टिम फ्रिडी नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं स्वतःला विषारी सापांकडून दोनशेहून जास्त वेळा चावून घेतलं, म्हणजे घोड्याचं काम स्वतःच केलं. याला शौक म्हणावं की वेड, मला ठरवता येत नाही. त्याच्या रक्तातून संशोधकांनी दोन प्रतिपिंडं निवडली, जोडीला व्हारेस्प्लॅडिब हे रासायनिक औषध घातलं, आणि २०२५ साली उंदरांवरचे निकाल आले: १९ जातींपैकी १३ सापांच्या विषापासून पूर्ण बचाव, बाकीच्यांपासून थोडाफार. हे सगळे साप नाग-मण्यारीच्या कुळातले. घोणस आणि फुरसं दुसऱ्या कुळातले, त्यांची विषं वेगळ्या धाटणीची आणि त्यांच्यावर हे मिश्रण नाही. माणसांवरच्या चाचण्या पुढेच आहेत.

नाशिकपुरता त्याहून जवळचा फायदा मला दुसरीकडे दिसतो. केंद्राने २०२४ साली सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. घोड्यांना टोचायला महाराष्ट्रातल्याच घोणशीचं आणि फुरशाचं विष गोळा करायला लागलो, तर आत्ताच्याच बाटलीची ताकद इथल्या सापांपुरती वाढू शकेल. त्याला नवं विज्ञान लागत नाही. वनखात्याचा परवाना, साप सांभाळणारी कसबी माणसं, स्वच्छ प्रयोगशाळा आणि वर्षानुवर्षं न आटणारा पैसा लागतो.